मे महिन्यातला रक्तदाब

"मे महिन्यात? माझा हात मे महिन्यात इथे दिल्लीत होता? मग सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात जिलब्या वाढत होता, तो कुणाचा हात होता डॉक्टर?"

आमच्या जिन्यातल्या काकू खुर्चीवर चढून ओरडत होत्या. खुर्ची बारातघराची (दिल्लीत मंगल कार्यालयाला असं म्हणतात), लोखंडी, घडीची आणि एका पायाने अधू. एरवी तिने मांजराचंही वजन पेललं नसतं, पण त्या क्षणी मोडून पडायची तिची छाती झाली नाही. काकूंचा आवाज असा, की बाहेर रिंग रोडवरची बस चक्क थांब्यावर थांबली. त्या थांब्यावर ती बस त्याआधी किंवा त्यानंतर कधी थांबल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

समोर व्यासपीठावर डॉक्टर उभे होते. खांद्यावर आमच्या गणपती मंडळाने नुकतीच पांघरलेली शाल, हातात नारळ, आणि मागे ताणून बांधलेल्या चादरीवर स्लाइडच्या यंत्रातून पडलेला रक्तदाबाचा एक आलेख. डावीकडून उजवीकडे मोठ्या डौलात उतरत जाणारी रेघ, आणि खाली मराठीत महिन्यांची नावं. शेजारी गणपती. गणपतीच्या चेहऱ्यात काही फरक पडला नाही, डॉक्टरांच्या पडला.

"ताई, तुम्ही जरा बसा ना," डॉक्टर म्हणाले. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आपण बिल्कुल शांतपणे बघू."

"माझा घोटाळा? आत्ता तुम्हीच म्हणालात ना, एकही बाई एकाही महिन्यात चुकली नाही म्हणून? अहो, मी लग्नघरात होते!"

"आम्ही साताऱ्याला होतो," मागून कुणी तरी म्हणालं.

"आणि आम्ही नागपूरला," दुसरी उठली. "मेमध्ये नागपूरला! कूलरवर अंडी उकडत होती तिथे. आणि तुम्ही म्हणता, आमची प्रकृती उतारावर होती?"

मग एकेक पदर खोचला जाऊ लागला. कोल्हापूर, जळगाव, रत्नागिरी, सगळा महाराष्ट्र त्या बारातघरात उभा राहिला. मंडळाचे सेक्रेटरी मोठे धोरणी गृहस्थ. त्यांनी काही न बोलता टाळ उचलला आणि वेळ झालेली नसताना आरती सुरू केली. आरती सुरू झाल्यावर मराठी माणूस भांडू शकत नाही. तशी सोयच नाही. काकू खुर्चीवरूनच टाळ्या वाजवू लागल्या. डॉक्टरही वाजवू लागले, त्यासाठी त्यांनी नारळ काखेत धरला. पहिल्या रांगेत माझी बायको बसली होती, हातात मंडळाने दिलेला गुच्छ. ती तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती चादरीकडे बघत होती.

त्या गुच्छाचं कारण असं, की ज्या अभ्यासाबद्दल सत्कार होता त्यात डॉक्टरांच्या खालोखाल हिचं नाव होतं.

दिल्लीच्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेत ती संशोधन अधिकारी होती. होती म्हणजे ॲडहॉक होती. दरवर्षी डॉक्टरांच्या सहीने तिला एक्स्टेंशन मिळायचं, आणि सहीच्या आधीचा महिना आमच्या घरात कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे. डॉक्टर तिचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्टीत मजा यावी म्हणून मी त्यांना मिशा चिकटवीन. हात इतका हलका, की इंजेक्शन देऊन झाल्यावर पेशंट विचारायचा, "कधी देणार?" गरिबाला फुकट तपासत. डोक्यात फक्त एकच खूळ होतं: मीठ. मीठ कमी करा, गोळ्या फेकून द्या.

हे सिद्ध करायला त्यांनी आमचा सेक्टर निवडला. आर. के. पुरममधली सरकारी क्वार्टरं, एकाच साच्यातली घरं, एकाच साच्यातले पगार. त्यांतल्या किंचित वाढलेला रक्तदाब असलेल्या मराठी बायका निवडल्या, कारण माझी बायको त्यांच्याशी थेट ओट्याजवळ उभी राहून बोलू शकत होती. घरातलं मीठ निम्मं करायचं, आणि महिन्याच्या महिन्याला दंडाला पट्टा बांधून घ्यायचा, एवढंच. सुरुवातीच्या फेऱ्या हिने स्वतः केल्या. पाऱ्याचं यंत्र कापडी पिशवीत घालून जिने चढायची, उतरायची. त्या दिवसांत आमच्या सेक्टरातली आमटी इतकी अळणी झाली, की पुरुषमंडळी ऑफिसच्या कँटीनमध्ये जाऊन नुसतं लोणचं मागायची. आमच्या मंत्रालयात तर एका जॉइंट सेक्रेटरीने मराठी माणसांपासून मिठाची बरणी लांब ठेवायचा तोंडी हुकूम काढला होता. (हिच्या मते असा हुकूम निघाला नव्हता. नसेल. निघायला हवा होता.)

उन्हाळा लागायच्या सुमारास डॉक्टरांनी हिला प्रयोगशाळेत बसवलं, बायकांच्या लघवीच्या आधी जमलेल्या नमुन्यांतलं मीठ मोजायला. "पुढच्या फेऱ्यांचं मी बघतो," असं ते म्हणाले, आणि मोठ्या माणसाने 'मी बघतो' म्हटलं की ॲडहॉक माणसाने बघायचं थांबवायचं असतं.

आता मे महिन्याचं सांगायला हवं. आमच्यासारखी बदलीवर दिल्लीत आलेली माणसं तिथे राहायची ती वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी. शाळांना सुट्टी लागली रे लागली, की बायका मुलांना आणि ट्रंकांना घेऊन झेलम एक्स्प्रेसमध्ये चढायच्या, त्या शाळा उघडायच्या तोंडावर परत. मराठीच नव्हे, मद्रासी, बंगाली, ओडिया, सगळ्यांचंच तसं. मागे राहायचो आम्ही नवरे. एकत्र खिचडी शिजवायचो, आणि ती पाहून कावळे शेजारच्या सेक्टरात निघून जायचे. कुलपं इतकी लागायची, की अलिगढचे कुलूपवाले म्हणे आमच्या शाळांच्या सुट्ट्यांवर डोळा ठेवून माल बनवायचे. म्हणे म्हणजे मीच म्हणतो.

ही गोष्ट आर. के. पुरमच्या पोस्टमनला माहीत होती, दूधवाल्याला माहीत होती, चोरांना तर तोंडपाठ होती. डॉक्टरांना माहीत नव्हती. कशी असणार? त्यांचे आजोबा इंग्रजांच्या अमदानीत दिल्लीला आले. घर करोल बागेत. गाव म्हणून जे काही होतं ते केव्हाच विकलं गेलं होतं. त्यांची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे वाळ्याचा पडदा भिजवायचा आणि त्यामागे बसून खरबूज खायचं. मराठी घरात नीट बोलत, मधेच 'यार' डोकावायचं एवढंच. पण दिल्लीतली मराठी बाई मेमध्ये दिल्लीत सापडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ते छापलेलं नसतं.

अभ्यास संपला. शोधनिबंध लिहून झाला. ही मंडळी त्याला पेपर म्हणतात. डॉक्टरांनी हिच्यासमोर ठेवला, "सही कर" म्हणाले, हिने केली. त्यात महिन्यांची नावं नव्हतीच. पहिली फेरी, दुसरी फेरी, असं होतं. सुट्टीतल्या फेऱ्या गाळून पुढे मोजलं असेल, असं ही समजून चालली. परदेशातल्या एका मोठ्या जर्नलमध्ये तो छापून आला, आणि आमच्या जिन्यातल्या बायका "आम्ही विलायतेत छापून आलो" म्हणत आठवडाभर जमिनीला पाय लावेनात. निष्कर्ष असा होता: रक्तदाब थोडासाच वाढलेला असेल, तर निम्म्या मिठावर सलग राहिलेल्या बाईला गोळी बंद करता येते. एकाही फेरीत रक्तदाब वर आलेला नाही.

काकूंनी हे ऐकलं आणि गोळ्यांचं पाकीट मोरीच्या खिडकीतून भिरकावलं. ते खाली उभ्या असलेल्या भाजीवाल्याच्या गाडीवर पडलं, आणि त्याने ते टोमॅटोबरोबर विकलं असणार, अशी माझी खात्री आहे.

मग पुढच्या वर्षीचे गणपती आले, मंडळाने सत्कार ठरवला. आम्ही पडलो साधी माणसं, फेऱ्या-बिऱ्या काय कळणार, म्हणून डॉक्टरांनी मोठ्या प्रेमाने आमच्यासाठी वेगळी स्लाइड बनवून घेतली. फेऱ्यांच्या आकड्यांच्या जागी महिन्यांची नावं. मराठीत.

आरती झाली, प्रसाद झाला. डॉक्टर लवकर निघाले, शाल तेवढी खुर्चीवर विसरले. ही मात्र काकूंना दंडाला धरून आमच्या घरी घेऊन आली, स्टुलावर बसवलं आणि यंत्र काढलं. खिरापतीचा द्रोण काकूंच्या हातात तसाच.

"बोलू नका," ही म्हणाली.

"मी कुठे बोलतेय? मी फक्त म्हणतेय, की माझ्या नावावर तो माणूस..."

"काकू."

काकू गप्प झाल्या. मी म्हणेन, पारा चढला तो काचेतून बाहेर पडून पंख्याला जाऊन चिकटला. ही म्हणते, तसं काही झालं नाही, पण तिने पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं आणि म्हणाली, "गोळी आजपासून सुरू करा. आत्ता जेवल्यावर."

"पण पेपरात तर..."

"पेपरात तुम्ही मे महिन्यात दिल्लीत आहात."

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. एरवी ही घरी येऊन चार वाक्यांत सांगते आणि उरलेलं मी भरतो. पण हे संभाषण मी तिने सांगितलं तसंच ठेवलं आहे. वाढवायला त्यात जागाच नव्हती.

"सर, मे-जूनच्या फेऱ्या झाल्या होत्या?"

"अगं, बस तर आधी. चहा मागवू?"

"झाल्या होत्या?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "फेरीला जाणारा माणूस आजारी पडला, मी कॉन्फरन्सला गेलो. दोन फेऱ्या राहिल्या. तू रेघ बघ ना यार. एप्रिलपर्यंत उतरत आली. जुलैत मोजलं तेव्हा उतरलेलीच होती. मधे काय ती आकाशात जाऊन परत येणार होती? मी फक्त मधला पूल बांधला."

"बांधला नाही सर. नकाशात दाखवला. आता लोक त्यावरून गाड्या नेतायत."

"मला वाटलं, सगळ्या घरीच असतील, कमी मीठ खात असतील. मग आकडा काय येणार ते दिसतच होतं."

"सगळ्या माहेरी होत्या. तिथे पापड लाटत होत्या, कुरडया घालत होत्या, लोणची मुरवत होत्या. माहेरी अळणी कोण वाढतं, सर? त्या दोन महिन्यांत काय झालं असतं, तेच तर बघायला हवं होतं."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग अगदी हळू, काळजीच्या सुरात म्हणाले, "तुझंही नाव आहे त्यात. तो पेपर गेला, तर तुझाही जाणार. फरीदाबादची जागा निघतेय, कायमची. तुझ्याकडे परदेशातला हा एकच पेपर. तिथे काय दाखवशील?"

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, असं हिचं मत. माझं मत विचारू नका. पण मुद्दा खरा होता. फरीदाबादला नवं संशोधन केंद्र उघडत होतं, त्यातली कायम जागा हिला हवी होती. हवी म्हणजे किती? तर ती रोज वर्तमानपत्र उघडायची ते मागच्या पानापासून, जाहिरातींच्या बाजूने. बातम्या तिने कित्येक वर्षांत वाचल्या नव्हत्या. पंतप्रधान बदलला की मी सांगायचो.

त्या संध्याकाळी ती गवार निवडत बसली होती. मी म्हटलं, "आता जाऊ दे ना. काकूंची गोळी सुरू झाली. बाकीच्या बायकांना तू घरोघर जाऊन सांगितलंस. डॉक्टरांनी जरा रंगवून सांगितलं, एवढंच. मीपण रोज रंगवतो."

"तुमच्या थापेवर कुणी गोळी बंद करत नाही," ती म्हणाली.

नवऱ्याच्या कलेचं इतकं नेमकं मूल्यमापन दुसऱ्या कुठल्या बायकोने केलं असेल, असं मला वाटत नाही.

काकू स्वतः समजूत घालायला आल्या. ज्यांनी सगळ्या बारातघराच्या काचा हलवल्या त्या काकू आमच्या स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. आणि त्यांची कुजबुज म्हणजे वरच्या मजल्यावरच्या माणसांना कान द्यावा लागत नसे.

"अगं बाई, मी ओरडले ते ओरडले. माझी जीभच मेली तसली. पण तू माझ्या हातापायी तुझी नोकरी घालवू नकोस. ही जागा गेली तर काय करशील? लोणची विकशील?"

"तुमचा प्रश्न नाही, काकू. ते जर्नल कुठे कुठे जातं. कुठल्या तरी गावात कुणी तरी डॉक्टर ते वाचेल आणि एखादीची गोळी बंद करेल. तिला ओरडायला गणपतीसुद्धा नसेल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी गवारीकडे पाहिलं.

तिने दोन पत्रं लिहिली, एक संस्थेला आणि एक जर्नलच्या संपादकाला. संस्थेने समिती नेमली. दिल्लीत चूक झाली की समिती होते, समिती झाली की चहा होतो, आणि चहा झाला की चूक बशीत विरघळते. त्या समितीने इतके समोसे खाल्ले, की आसपासच्या हलवायांनी आपल्या मुलींची लग्नं त्या हंगामात उरकून घेतली. महिन्यांमागून महिने बैठका झाल्या. अखेर कुणी तरी सुचवलं, की ज्या बायकांचे दंड मोजले गेले किंवा गेले नाहीत, त्यांच्यापैकी एखादीला विचारू या. अर्थातच काकू गेल्या. मी सोबत गेलो, स्कूटरवरून पोचवायला, आणि दाराला कान लावून उभा राहिलो.

समितीचे अध्यक्ष दक्षिणेकडचे, निवृत्तीला टेकलेले, मृदू आवाजाचे. हिंदीत म्हणाले, "बहेनजी, आप कैसे कह सकती हैं कि आप मई में दिल्ली में नहीं थीं? इतने दिन हो गए."

"हम मई में दिल्ली में होतेच नहीं!" काकूंचं हिंदी आमच्या घरच्या पिठाचं होतं. "किसी भी साल नहीं होते. आप कभी मई में हमारे सेक्टर में आए हैं क्या? एक बाई दिखाइए. एक! मैं नाम बदल देगी."

"लेकिन सब की सब कैसे..."

"आपकी मिसेस कहाँ रहती हैं मई में?"

दाराच्या फटीतून मला अध्यक्षांचा कान दिसत होता. तो लाल झाला. मग ते म्हणाले, "पालघाट."

"तो फिर!" काकू म्हणाल्या, आणि बाहेर येताना एक समोसा घेऊन आल्या. त्यात मीठ कमी होतं म्हणाल्या.

त्यानंतर तरी गोष्ट सरळ व्हायला हवी होती. झाली नाही. समितीने अहवालात लिहिलं, की 'दोन फेऱ्यांची मापं उपलब्ध नाहीत'. ही तो मसुदा वाचून पुन्हा समितीकडे गेली. उपलब्ध नाहीत म्हणजे कपाटात सापडत नाहीत, असं वाटतं. कपाटात ती कधी नव्हतीच. 'मापं घेतली गेली नाहीत,' असं लिहा, ती म्हणाली. समितीला हे फार कडक वाटलं. 'अनवधानाने' घालू या का, कुणी म्हणालं. हिने विचारलं, अनवधानाने आकडे कसे लिहितात, मला दाखवा. दाखवायला कुणी पुढे आलं नाही.

दरम्यान तिच्या एक्स्टेंशनची फाईल हरवली. फाईल हरवते म्हणजे काय, हे सरकारी माणसाला सांगायला नको. ती कुणी लपवत नाही, कुणी फाडत नाही. ती नुसती एका टेबलावर पडून राहते, आणि त्या टेबलाचा माणूस रजेवर जातो. वर्ष संपलं आणि ही घरी बसली. लोणची विकली नाहीत, पण शिकवण्या घेतल्या. शेजारच्या पंजाबी मुलांना तिने जीवशास्त्र असं शिकवलं, की त्यांतला एक अजूनही मला रस्त्यात भेटला की आपल्या मूत्रपिंडाची चौकशी माझ्याकडे करतो.

जर्नलचा संपादक मात्र चिकट निघाला. त्याची पत्रं येत, हिची जात. पोस्टमनला तिकिटांचा छंद लागला. त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: मापं घेतली होती, की नव्हती? ही एकच उत्तर पुन्हा पुन्हा देत राहिली. डॉक्टरांनी सुरुवातीला संपादकाला लांबलचक खुलासे पाठवले, मग आखूड, आणि शेवटी एक दिवस, का कोण जाणे, एका ओळीत मान्य करून टाकलं. मला वाटतं ते कंटाळले. ही म्हणते, त्यांना तेव्हा बरं वाटलं असेल. असेलही.

शेवटी सूचना छापून आली. मला वाटलं होतं, पानभर काळी चौकट असेल, निदान मोठा मथळा. ती एका पानाच्या तळाशी होती, पोटदुखीच्या औषधाच्या जाहिरातीखाली, इतकी बारीक, की एखादी मुंगी वाचायला बसली असती तर सगळी झाकली गेली असती. त्यात म्हटलं होतं, की सदर अभ्यासातल्या दोन फेऱ्यांची मापं घेतली गेली नव्हती, छापलेले आकडे खरे नव्हते, म्हणून गोळी बंद करण्याविषयीचा निष्कर्ष टिकत नाही. निबंध मागे घेण्यात येत आहे. खाली दोघांची नावं. डॉक्टरांचं, आणि त्यांच्या खालोखाल हिचं, पुन्हा एकदा.

मी तो अंक घेऊन सेक्टरभर फिरलो. काकूंनी चष्मा लावून बघितलं.

"ह्यात मी ओरडले ते कुठाय?"

"तेवढं नाही घेतलं."

"मग काय छापलं मेल्यांनी?"

डॉक्टरांचं काय झालं, असं लोक विचारतात. काही नाही झालं. दिल्लीत कुणाचं काही होत नाही, फक्त खोली बदलते. ते दुसऱ्या इमारतीत सल्लागार झाले. पुढच्या गणपतीत आरतीला आले, मागच्या बाजूला उभे राहिले, काकूंना "गोळी घेता ना?" विचारलं. काकू म्हणाल्या, "तुमच्याच कृपेने." दोघांनी प्रसाद घेतला.

आणि मग फरीदाबादची मुलाखत आली.

हिने अर्जात तो पेपर खोडला नव्हता. आपल्या कामाच्या यादीत ठेवून पुढे 'मागे घेतला' असं टाइप केलं होतं. मी म्हटलं, यादीतून काढून टाक की, गेलेला माणूस आपण रेशनकार्डावर ठेवतो का? (ठेवतो, तो वेगळा मुद्दा.) ती म्हणाली, "विचारतील. विचारू देत."

मुलाखतीची तयारी आमच्या बाहेरच्या खोलीत झाली. मी पॅनल. बनियनवर टाय लावून बसायचो आणि घसा खाकरून विचारायचो, "मॅडम, हा निबंध मागे का घेतला?" ती उभ्या-उभ्या सांगायची. काय मोजलं, काय मोजलं नाही, आपण सही करताना काय विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही. ते शेवटचं ती दर वेळी तितक्याच स्पष्टपणे सांगायची. मी म्हणायचो, एवढं कशाला सांगतेस; ती म्हणायची, पॅनलने मधे बोलू नये. तिने ते उत्तर इतकं घासलं, की त्यात एक अक्षर इकडचं तिकडे करायला जागा उरली नाही. सूचनेचं ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं, दाखवावं लागलं तर म्हणून.

आम्ही स्कूटरवरून गेलो. मथुरा रोडवर ट्रकांनी आम्हाला असा धूर पाजला, की फरीदाबादला पोचेपर्यंत मी सावळ्याचा काळा झालो, आणि हिची साडी अबोली होती, हे तिथल्या पहारेकऱ्याला सांगूनसुद्धा पटलं नसतं. ती आत गेली. मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभा. समोरच्या कारखान्याचा भोंगा वाजला, पाळी सुटली, सायकलींचा लोंढा गेला, दुसरी पाळी आत गेली. मी तेवढ्यात चहावाल्याला मुलाखतीचं सगळं सांगून टाकलं, अजून ती चाललेली असताना.

ती बाहेर आली. "झाली," म्हणाली, आणि मागे बसली. वाटेत ट्रकांमुळे काही बोलता आलं नाही, आणि घरी पोचल्यावर शिकवणीची मुलं दारात उभी होती.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसातून उठलो तो थेट मिठाईच्या दुकानात. संध्याकाळी आमच्या त्या क्वार्टरात अर्धा सेक्टर मावला. मावला म्हणजे गॅलरीचे कठडे बाहेर वाकले. काकू मधोमध खुर्ची घेऊन बसल्या होत्या. आणि अशी माणसं समोर असल्यावर गोष्ट सांगायची नाही, हे माझ्या कुंडलीत नाही.

मी सांगितलं: ही आत गेली, आणि पॅनलच्या अध्यक्षांच्या हातात तीच यादी. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे काय?" हिने पर्समधून ते पान काढलं, टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, काकूंच्या खुर्चीपासून. खोलीतला पंखा थांबला. एका तज्ज्ञाने डोळे टिपले. आणि अध्यक्ष, चांगले सहा फूट उंच, पांढऱ्या केसांचे, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "स्वतःचा निबंध स्वतः मागे घेणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय. ही जागा तुमची." मग सगळं पॅनल उभं राहिलं. टाळ्या! फरीदाबादच्या त्या कारखान्याचा भोंगासुद्धा त्या टाळ्यांत कुणाला ऐकू गेला नाही.

काकूंचे डोळे भरून आले होते. त्या वळून हिच्याकडे पाहत म्हणाल्या, "खरं का गं हे?"

ही पेढ्यांचं ताट पुढे सरकवत होती.

"पेपरचं कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.